तपकिरी गाय, मंगळवार

भिंतींना कान असतात, हे आम्हालाही ठाऊक होतं.
पण इथं, आर्माच्या दक्षिणेला,
सरहद्दीच्या दोन शेतं अलीकडे,
डोंगरालाच डोळे बसवले होते.
लोखंडी मनोरा, हिरवा पत्रा,
आणि आत अठरा-एकोणीस वर्षांची इंग्रज पोरं
डोळ्यांत तेल घालून.

वीस वर्षं मी स्वयंपाकघराचा पडदा
त्या बाजूनं उघडला नाही.
मॅलकीचे शर्ट बाहेर दोरीवर,
माझे आतले कपडे शेगडीपाशी, खुर्चीच्या पाठीवर.
न्हाणीघरात दिवा न लावता अंग धुवायची सवय लागली,
ती अजून आहे.

एकदा नाक्यावर गाडी अडवली.
पोरगं बोलण्यावरून न्यूकॅसलकडचं असावं,
कपाळभर मुरमं.
कागद परत देताना म्हणालं,
"बाई, तुमची तपकिरी गाय मंगळवारी व्यायली ना?
वासरू बरं आहे?"
सख्ख्या बहिणीलाही अजून कळवलं नव्हतं मी.
चांगल्या मनानं विचारलं होतं त्यानं.
घरी येऊन मला ओकारी झाली ती त्यामुळेच.

मग तो शनिवार.
चौकात, दुधाच्या कॅनमध्ये बॉम्ब.
मकार्डलांचा फिंटन, सतरा वर्षांचा,
सायकलवरून पाव आणायला गेलेला.
त्याच्या आईनं कबरीपाशी उभं राहून डोंगराकडे बोट केलं:
माझी धुणी मोजता,
कॅन नाही दिसला?
त्या रात्री मला वाटलं, आणखी एक मनोरा बांधा,
चौकावर बांधा, प्रत्येक वळणावर बांधा.
हो, वाटलं. लपवून काय करू,
लपवायची सोय होती कुठं?

आणि नोव्हेंबरात उतारावर
मॅलकी ट्रॅक्टरखाली सापडला.
मी आत कणीक मळत होते, मला पत्ताच नव्हता.
त्यांना होता.
हाताचं पीठ झटकेपर्यंत हेलिकॉप्टर शेतात उतरलेलं,
मेंढ्या सैरावैरा.
पाय गेला. माणूस राहिला,
पुढं नऊ वर्षं.

सोडा घालून पाव भाजला मी. दोन.
पण वर नेऊन देणार कोण?
डोंगरावर कोण चढलं, किती वेळ थांबलं,
हे आमच्यातलेही काहीजण मोजत होते,
त्यांच्याकडे दुर्बिणी नव्हत्या, एवढंच.
पलीकडच्या गावातल्या मास्तराला
तेवढ्यावरून रात्री उचललं होतं.
शेवटी पाव कुंपणाच्या दगडावर ठेवले,
मनोऱ्यातून दिसतील असे.
तिसऱ्या दिवशी डोमकावळ्यांनी संपवले.
तेही लिहून ठेवलं असेल कुणीतरी.

शांतता झाली, म्हणाले.
मनोरा तुकड्या-तुकड्यांनी उडत गेला,
पत्रा, शिडी, पाण्याची टाकी.
आता तिथं जांभळं हेदर आहे
आणि एक चौकोन, जिथं ते उगवत नाही.
संध्याकाळी हात आपोआप पडद्याकडे जातो.

मॅलकी गेला त्याला सहा वर्षं झाली.
फोटो मोजून चार, एकही हसरा नाही.
तेव्हा मी लंडनला पत्र घातलं:
साहेब, तुमच्या पोरांनी आमचं जे जे लिहिलं
ती वही मला द्या.
तुमचं फक्त अक्षर आहे,
आतलं सगळं माझं.

आठ महिन्यांनी उत्तर आलं.
राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव
असं काही आहे, हेही सांगता येत नाही,
नाही, हेही सांगता येत नाही.

असू दे. मला पाठ आहे ते पान.
मंगळवार. पहाटे चार-दहा.
पुरुष, टोपी, हातात बादली.
गोठ्यातून बाहेर आला.
घराकडे पाहून हसला.

कुणाला पाहून, ते त्यांना लिहिता आलं नसेल.
पडदा बंद होता.
मी कडेला उभी होते,
बोटभर फट करून.