बद्द

सकाळी पावणेसातला, न कळवता,
ब्रिन आवेलची घंटा मी वाजवली.
कळवून गेलं की फुलदाण्या भरलेल्या असतात.
दार उघडणाऱ्या मुलीच्या हातात कुणाचा तरी ओला पायमोजा, एकच,
तिनं आधी माझं ओळखपत्र वाचलं,
मग माझे बूट.

उत्तर वेल्समधलं हे स्लेटचं गाव.
छपरं स्लेटची, कुंपणं स्लेटची, थडगीसुद्धा;
खाण कधीच बंद पडली, तरी पाऊस थांबला की
सगळं गाव नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखं दिसतं.

नळाखाली थर्मामीटर: त्रेचाळीस. चालेल.
फ्रिज: पाच.
गोळ्यांचं कपाट, दोन किल्ल्या, दोन सह्या.
आग लागल्यावर उघडायच्या दाराला टेकवलेली
व्हीलचेअर. लिहून घेते.
एका गादीत हवा नव्वद किलोच्या माणसापुरती,
गादीवर मिसेस हेउलवेन, अडतीस किलो,
फळीवर पडलेलं पीस.
लिहून घेते.

कूस बदलल्याच्या तक्त्यावर
दोन, चार, सहा:
एकच निळी शाई, एकच तिरका हात,
आणि घड्याळात सात वीस असताना
आठची सही तयार.
पाट्या टाकल्यात, मी मनात म्हणते.
पायमोजेवाली मुलगी, रुटेंडो, लपवत नाही.
"एकोणीस माणसं. रात्री आम्ही दोघी,
त्यातली एक उलट्या होऊन घरी गेलेली.
चार वाजता मिस्टर ग्विलिम जात होते.
त्यांचा हात सोडून
कुणाची कूस बदलायची होती?"
फॉर्मात यासाठी रकाना नाही.
समासात लिहिलं. समास कोण वाचतं, ठाऊक नाही.

मॅनेजरबाई चहा घेऊन आल्या, बेलच्या नोंदी घेऊन आल्या.
"अकरा नंबर बघा, तेवीस दिवसांत एकदाही नाही.
फार गुणी आहेत आमच्या मिस टेगवेन."

बैठकीच्या खोलीत इडवाल, वय एक्याण्णव,
खाणीत पाट्या चिरण्यात जन्म गेलेला,
चमच्यानं बशी वाजवत बसलेला.
काय करताय, विचारलं.
"तपासणी. तू करतेस तीच.
पाटी हाताला आली की पेरानं वाजवायची.
खणखणली, तर छपरावर.
बद्द वाजली, तर आत भेग.
डोळ्याला दिसत नाही ती. थंडी पडली की फुटते."
मग बशी कानाशी नेऊन म्हणाला,
"जी वाजतच नाही, तिची मला जास्त भीती."

मी जिना चढले.

अकरा नंबरात खिडकीशी खुर्ची,
खुर्चीत एके काळच्या पोस्टमास्तरीणबाई,
केसांचा भांग अगदी सरळ.
बेलची लाल दोरी
पडद्याच्या दांडीला तीन वेढे देऊन गाठ मारलेली.
खोली पुसताना वर बांधली असेल, बाहेरून मॅनेजरबाई म्हणाल्या.
मी पलंगावर बसून हात लांब करून पाहिला:
वीतभर कमी. माझा. त्यांचा तर खांद्यावर जातच नाही.
"मला वाटलं, काढून घेतली," मिस टेगवेन म्हणाल्या.
"पूर्वी मी फार वाजवायचे ना."

माझं काम पाहण्याचं, हात लावण्याचं नाही.
गाठ नखांनी सोडवावी लागली.
दोरी त्यांच्या मुठीत दिली, त्यांनी बराच वेळ नुसती धरली,
तिकीट चिकटण्याआधी दाबून धरावं तशी.
मग ओढली.

सवयीनं मी घड्याळ लावलं.
चाळीस सेकंद. एक मिनिट दहा.
"येतील ते रागावतील का?"
मी उत्तर शोधत होते. दोन मिनिटं.
तीन मिनिटं पाच सेकंदांनी दार उघडलं:
रुटेंडो. अंगात कोट, गळ्यात मफलर,
ड्यूटी संपून अर्धा तास झालेली.

आकडा लिहिला.
कोट लिहायचा राहिला.