सोय नाही, जागा आहे

गिरणाऱ्याच्या पुढे डांबर संपलं
आणि माझ्या मांड्या सुरू झाल्या.
चोपन्न वर्षं त्या माझ्याकडेच होत्या म्हणे.

काशिराम बेंडकोळी म्हणाला, बाई, लगाम सैल सोडा,
तिला रस्ता ठाऊक आहे, तुम्हाला नाही.
तिला म्हणजे सुपारीला.
तांबूस घोडी, कपाळावर चुन्याच्या बोटाएवढा टिपका,
आणि चढावर मागे वळून बघायची खोड :
आहेस का अजून?

पहिल्या मुक्कामाला द्राक्षांचे मांडव, निळा तलाव,
दारावर पाटी : घोडे आवारात आणू नयेत.
घोड्यावरून जायची सहल, आणि ही पाटी.
सुपारी रात्रभर पाण्याच्या टाकीमागे.
सकाळी बिलात तिचा चारा ‘इतर’ या रकान्यात.

वाघेऱ्याच्या अंगाला एका निवृत्त तलाठ्यांनी
गोठ्याची खोली केली होती.
फरशी, गिझर, भिंतीवर सूर्यास्ताचं चित्र.
कडी तेवढी काढायची राहिली होती, गव्हाणीच्या उंचीवर.
मी तिला टॉवेल अडकवला.
रात्री जाग आली तर कुणीतरी रवंथ करत होतं.
मीच होते. दात खात होते झोपेत.

तिसऱ्या दिवशी ननाशीच्या वाटेवर
एका बांबूच्या ताटीपाशी सुपारी थांबली.
काशिरामने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला,
मग शिवी घातली, मग गूळ दाखवला.
ती गुळाकडेही बघेना.

आतून एकजण आला. अंगात बनियन,
खाली लाल पट्टीची, बॅण्डवाल्याची पँट.
माझ्याकडे, काशिरामकडे पाहिलंच नाही.
घोडीला म्हणाला, ‘आलीस?’
आणि ताटी उचलून बाजूला ठेवली.

फुलाजी गांगोडे. अकरा हंगाम हिच्यावर नवरदेव बसवले.
मग वराती जीपच्या टपावर चढल्या,
आणि सारंगखेड्याच्या बाजारात हिला—
पुढचं त्याने सांगितलं नाही, खरारा शोधायला गेला.

मी विचारलं, राहायची सोय आहे का?
‘सोय नाही,’ तो आतून म्हणाला, ‘जागा आहे.’

नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी,
उडदाचं घुटं इतकं कढत की बोलणंच खुंटलं.
पडवीत घोंगडी टाकून दिली. मार्गशीर्षाची थंडी.
कुडाच्या पलीकडे सुपारी,
तिचा श्वास फटीतून माझ्या कानाशी.
तीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
मी कोऱ्या नोटांचे गठ्ठे तपासले,
वासही कोराच, कशाचाच नाही.
त्या रात्री नाकाला काम मिळालं :
लीद, धूर, ओला पेंढा, घोड्याचा घाम, माझाही.

सकाळी मी रिकिबीत पाय घालून वर बसले
आणि फुलाजीने, गंमत म्हणून की काय,
तेलाच्या रिकाम्या डब्यावर थाप मारली.
एकच. मग दुसरी. मग ती चाल.

सुपारीचे कान उभे.
पुढचा डावा पाय वर, मग उजवा,
मान कमानीसारखी,
आणि मी, अक्षता कधी डोक्यावर न पडलेली मी,
नवरदेवाच्या जागी, हेल्मेट घालून,
आयाळ मुठीत धरून
मोठमोठ्याने, कसंही, हसत.
काशिराम म्हणाला, बाई, पडाल.
ताटीपाशी दोन पोरं जमली, एक कुत्रं.
वरात म्हणायला तेवढी पुरे.

घोडीचे काय घ्यायचे, ती घरची, तो म्हणाला.
तुमचे शंभर.
पाचशे दिले तर चार सुट्या परत आल्या,
खायच्या पानासारख्या मऊ.

चौथ्या मुक्कामाचं फारसं आठवत नाही.
गादी चांगली होती.
दिव्याखाली बसून त्या चार नोटा काढल्या,
सवयीने क्रमांक पाहिले,
एक तर आमच्याच काळातली निघाली.
उजेडात धरली, उलटी केली,
मग नाकाशी नेली.