आधी उतरवायचं ते शेवटी चढवा

ओउलूत उणे अठरा.
सोफा, कपाट, एक मोडकी स्की
मुकाट ट्रकात चढली.
माशांना मात्र व्हिएनोबाईंनी हात लावू दिला नाही.
"कालपासून उपाशी ठेवलंय," म्हणाल्या,
जणू ऑपरेशनच आहे.

मग बादल्या. जुनं पाणी, घट्ट झाकणं.
म्हटलं, बाई, तिकडेही नळ असेल.
त्यांनी फिल्टरचा स्पंज दाखवला, काळाकुट्ट:
"हा धुवायचा नाही.
घाण नव्हे ती, वस्ती आहे."

पिशव्यांत तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा.
थर्माकोलची पेटी त्यांच्या मांडीवर,
केबिनचा हीटर पूर्ण.
गिअर टाकत होतो
मागं तान्हं झोपल्यासारखा.

"लोच चौदा वर्षांचा आहे. ताइस्तोनं आणलेला."
ताइस्तो कोण, विचारलं नाही.
सामानाच्या यादीत खाट एकेरी होती.

चौथा मजला. पडदे नाहीत, दिवे नाहीत.
टाकी तेवढी भरली, बाकी खोकी बंद.
पिशव्या तरंगत राहिल्या
आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट होईस्तोवर.
मी पावतीसाठी थांबलो.
बाई कोटासकट खोक्यावर.

सोडल्याबरोबर लोच दगडाखाली शिरला.
"रुसलाय," म्हणाल्या,
आणि ओल्या हातानं सही केली.
नाव पसरलं.