सुलट बाजू

संस्थेनं सांगितलं, गिरणीचा इतिहास लिहून द्या,
दीडशे पानं, फोटोंसह, दिवाळीआधी.
मी रेकॉर्डच्या खोलीत मस्टर उघडलं
तर वाळवीनं एकाहत्तर सालचा मार्च
आणि अर्धा एप्रिल
माझ्याआधीच वाचून संपवलेला.

विस्मरणालाही भूक असते, असं वहीत लिहिलं
आणि खोडलं.
छान वाक्यांची हल्ली धास्ती वाटते.

भोंगा वाजला नाही, तो दिवस.
मॅनेजरच्या अहवालात : बॉयलर नादुरुस्त.
पोलीस डायरीत : जमाव अंदाजे दोनशे, म्होरके अज्ञात.
युनियनच्या पत्रकात पाच हजार, आणि अज्ञात कुणीच नाही.
बॉयलरवाल्या हुसेनसाबचा नातू म्हणाला,
दादांना ताप होता त्या रात्री. एवढंच.

चारी कागद टेबलावर शेजारी शेजारी लावले.
कडा जुळेनात.
जुळल्या असत्या तर कात्री माझीच असती.

चर्चासत्रात पुण्याचे पाहुणे म्हणाले होते,
घटना हाती येतच नाही, येतं ते तिचं सांगणं.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग अशोक चौकामागं नरसव्वा चिप्पांकडे गेले.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
विडी वळणाऱ्या उजव्या हाताला चारच बोटं.
वाइंडिंग खात्यात गेलं, म्हणाली, त्याच दिवशी.
चहा झाल्यावर म्हणाली, नाही, गड्ड्याच्या आधी कधीतरी.
भोंगा आठवला की ते दुखतं,
म्हणून दोन्ही एक झालंय काय की.

मी वहीत 'विसंगती' लिहिलं. तिनं वाकून बघितलं.
"काय लिवायलीस?
दिवस चुकल माझा. बोट गेलं की वो.
ते काय कुणी सांगितलं म्हणून गेलं?"

पाहुण्यांचा नंबर माझ्याकडे आहे. केला नाही.

खाटेखाली व्यंकटीची कार्डं, दोरीनं ओवलेली.
नवरा पंचिंगला होता.
भोक असलं की धागा उठतो,
नसलं की दबून राहतो.
तिनं ट्रंकेतून चादर काढली. पांढऱ्यावर लाल मोर.
उलटली. लालवर पांढरा.
सुलट कुठली, विचारलं.
"गिऱ्हाईक वर अंथरंल ती."

मस्टरात ती नरसम्मा,
पगारपत्रकात नरसूबाई,
रेशनकार्डावर नुसती व्यंकटी चिप्पा यांची पत्नी.
तुमचं नाव कसं लिहू, म्हटलं.
"आधी तुझं लिव.
सांगायलंय कोण, ते कळू दे की."

रात्री प्रस्तावना परत काढली.
पहिलंच वाक्य : 'यावरून असे दिसून येते की'.
दिसून येते.
कुणाला, साखर पेठेत कुठल्या खिडकीत बसून,
कुणाच्या मानधनावर?

मार्चच्या पानाचा फोटो तसाच देणार आहे,
भोकांसकट.
संस्थेचे सचिव म्हणतील, इथं मजकूर राहिलाय.
म्हणू देत.
बोटाची तारीख अजून ठरली नाही.