लॉगशीटच्या पाठीवर

रात्रीचे अकरा चाळीस.
सावद्याच्या अलीकडचं तेहेतीस केव्हीचं सबस्टेशन.
ट्रान्सफॉर्मर एकाच सुरात घुमतोय
आणि मी, डिगंबर नेहेते, ऑपरेटर,
लॉगशीटच्या कोऱ्या पाठीवर
लेकीनं सांगितलेलं आकाश मांडून बघतोय.

हर्षाली म्हणते, छत्तीस हजार किलोमीटरवर पॅनेल टांगायचे.
तिथे ढग नाही, धूळ नाही, संध्याकाळ नाही.
ऊन धरायचं, त्याच्या लहरी करायच्या,
नेम धरून खाली सोडायच्या एका जाळीवर.
जाळी केवढी?
सावद्यात पाय ठेवला तर फैजपुरात डोकं जाईल, एवढी.

आई पापड लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली,
मग त्या जाळीखाली रात्री उडदाचे पापड वाळतील का?
हर्षाली हसली नाही. म्हणाली, नाही.
अगदी मधोमधसुद्धा दुपारच्या चौथाईएवढाच जोर.
चौथाईसाठी एवढं वर?
आपल्याकडे काय उन्हाचा दुष्काळ पडलाय?

रात्री, आई.
रात्री चौथाई.

तेव्हा लाटणं थांबलं.

मी शंभर लिहिले.
पॅनेलवर पडले शंभर, वीज झाली तीस.
लहरी करताना दहा गेले,
वाटेत पसरून तीन,
जाळीनं वेचून पुन्हा वीज केली तेव्हा चौदा.
यापुढचं गणित तिच्या पुस्तकात नाही,
ते माझ्याकडे आहे:
तारांतली गळती, वस्तीवरचे आकडे,
कधीच न फिरणारे दोन मीटर.
हाती दहा.

दहाखाली रेघ ओढली आणि थांबलो.
दीपनगरच्या कोळशाचे शंभर
मी कधी असे मोजले होते?
तिथली राख तर नुसती पुसत आलो, खिडकीवरून.

आणि तिकडे कधीच अंधार नाही ना? मी विचारलं होतं.
असतो, पप्पा. वर्षातून दोनदा,
दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसांत,
पृथ्वीची सावली पडते. मध्यरात्री. फार तर बहात्तर मिनिटं.

म्हणजे वरतीबी लोडशेडिंग!

हो. पण त्याचं वेळापत्रक
शंभर वर्षं आधी छापता येतं.

हे मला पापडापेक्षा, जाळीपेक्षा,
सगळ्या आकाशापेक्षा जास्त आवडलं.
बहात्तर म्हणजे बहात्तर.

फोन वाजला. सुपडू भोळे,
केळी पिकवायच्या खोल्या आहेत त्याच्या,
आत चारशे क्रेट गरम होत चाललेत.
नेहेते, लाइट केव्हा येईन?

दक्षिणेकडे पाहिलं. तिथेच कुठेतरी असेल म्हणे,
डोक्यापासून थोडं खाली, न हलता.
आत्ता तिथे काही नाही.
शक्य आहे, मी म्हणणार होतो.
परवडेल का, ते कागदावर मावलं नाही.

बाराला, म्हटलं.
आणि पान उलटून, छापील रकान्यात,
बारा वाजून सहा मिनिटांनी लिहिलं:
फीडर दोन, चालू.