मुखपृष्ठ

रीगातल्या बेकरीवाल्या स्काइद्रीतेबाई
फोनवर करवादतात:
"राईच्या पावावर टिचकी मारली, पाव उजळला,
पण मुखपृष्ठही पेटलेलंच!
एका वेळी माणूस दोन ठिकाणी असतो का?"

नेस्तान साचा उघडते.
खोड एका तिरक्या रेघेची:
सगळे पत्ते तिच्यापासूनच निघतात,
आणि मुखपृष्ठाचा पत्ता म्हणजे नुसती तीच.
कुठंही जा,
त्याला वाटतं, आपल्याकडेच आलेत.

'सुरुवात जुळते का' खोडून
ती लिहिते, 'तंतोतंत जुळतं का'.
मुखपृष्ठ विझतं.
पाव तेवढा ठळक.

बिल पाठवायचं राहून जातं.
कुताइसीहून निघाली त्या पहाटे
स्वयंपाकघरातला दिवा
नंतर कुणी मालवला,
विचारलंच नाही तिनं कधी.