हेप्पू

जांबोटीच्या वर, गवळीवाड्यावर,
धुळू यमकरची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली.
वार अडकलेली. रात्रीचे दोन.
पेटीत हातमोज्यांचा एकच जोड, तोही फाटका.
कोपरापर्यंत हात आत घातला
तेव्हा तिची ऊब माझ्या अंगठ्याच्या चिरेतून
माझ्यात उतरली असणार.
मला कळलं ते इतकंच : म्हैस वाचली,
आणि धुळूच्या बायकोनं पितळी पेल्यात चहा दिला.

तीन आठवड्यांनी ताप.
चोर्ला घाटातल्या बससारखा,
चढ संपला म्हणावं तर पुढे वळण.
पहाटे घामानं वाकळ भिजायची,
कमरेत कुणी पहार ठोकून विसरल्यासारखं.
खानापुरात आधी मलेरिया म्हणाले, मग टायफॉइड.
कुणी म्हणालं माकडताप,
काजूच्या बागेत गोचीड चावली असेल.
शेवटी बेळगावात, सिव्हिलच्या जिन्यावर,
हुंडेकर डॉक्टरांनी कागद हलवत विचारलं,
"अलीकडे कुठली म्हैस गाभडली काय हो?"
थट्टाच वाटली.
रक्त माझं, आणि चौकशी म्हशीची.

सहा आठवडे गोळ्या. लघवी शेंदरी.
तापाचा जंतू मेला,
पण त्याच्यासोबत कोण कोण मेलं!
डॉक्टर म्हणाले, पोटात वस्ती असते तुमच्या,
तुमच्या पेशी जितक्या, जवळपास तितकेच ते,
आईकडून आलेले, सुईणीच्या हातून,
परड्यातल्या मातीतून.
गोळीला ओळखपाळख नसते, ती सरसकट झोडते.
परतीच्या टेम्पोत मी हिशेब करत बसलो,
माझ्यातला मी किती.
मागे गणतीवाला आला तेव्हा
घरात माणसं चार, असं सांगितलं होतं.
मातृभाषा मराठी, हे तर दोनदा, ठासून.
या बाकीच्यांची भाषा कुणी विचारलीच नव्हती.

पोटात काही ठरेना.
पेज गेली तशी बाहेर.
भीतीनं बायकोनं घरातलं दूध ओतलं, दही ओतलं,
विरजणाचं भांडं राखेनं घासून पालथं घातलं.
तेव्हा शेजारची निंगव्वा दारात उभी.
दुकानाची पाटी कुठल्या अक्षरात,
एवढ्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं आमचं.
हातात वाटी, वर पानाचा तुकडा.
"हेप्पू," ती म्हणाली.
"विरजण," बायको म्हणाली.
दोघी शब्दापाशी जरा अडल्या,
मग वाटी आत आली.

जाताना निंगव्वा म्हणाली, हे तुमचंच.
माझ्या थोरल्याच्या बाळंतपणात
तुमच्या आईनं दिलेलं, तेच लावत आले.
खरं-खोटं देव जाणे,
दह्याला उतारा नसतो.
पण चौथ्या दिवशी मी भाकर मागितली,
चुरून, त्याच दह्यात,
आणि ती पोटात राहिली.

आता वाड्या-वाड्यांवर सांगत फिरतो,
दूध उकळा, वार उघड्या हातानं ओढू नका,
खोल पुरा, कुत्र्यांना टाकू नका.
ऐकणारे ऐकतात. धुळूनं ऐकलं, मग हळूच विचारलं,
"चंदगडच्या बाजारात घालवू काय हिला?
पल्याड कुणाला ठावं नाही."
मी म्हणालो, नको रे.
नाक्यावर ट्रक थांबतो, हा थांबत नाही.

म्हैस खुंट्याशी वेगळी बांधलेली,
रवंथ करत.
तिच्याही पोटात वस्ती,
तेच शिजवतात हिचं गवत,
एकटीला जमलं नसतं.
तिलाही हा रोग कुणाकडून तरी आला असणार,
जन्मताना, चाटताना, एका दावणीला उभं राहताना.
रक्त काढायला वाकलो
तर खरखरीत जीभ मनगटावर फिरली.
ओळखलं असेल,
किंवा घामातल्या मिठासाठी.
मी हातमोजा काढला नाही.
हातही काढून घेतला नाही.